काम असेल तरच ओढायची

माझ्या धाकट्या भावाला कुणी बहिरा म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. बहिरा नाही तो. कानात मशीन घातलं की त्याला कामापुरतं सगळं ऐकू येतं, आणि मी त्याच्याबद्दल शेजारणीशी हळू आवाजात काही बोलत असले तर तेही येतं. फक्त झोपताना ते मशीन काढून ठेवावं लागतं, कारण कुशीवर वळलं की ते शिट्टी मारतं. आणि एकदा ते काढलं, की मग उशाशी ढोल वाजवला तरी हा गडी हलायचा नाही.

कान त्याने कारखान्याला दिले. पत्र्याचे डबे आणि त्यांची झाकणं करणारा कारखाना आहे, आणि तिथल्या पत्रा दाबायच्या सगळ्यात मोठ्या प्रेसवर तो मिसरूड फुटल्यापासून उभा आहे. कारखान्यातून कानात घालायला बोळे मिळायचे. हा ते खिशात घालून घरी आणायचा. मी ओरडले, आई ओरडली, डॉक्टर ओरडले. त्याचं एकच उत्तर. बोळे घातले की प्रेसचा आवाज कधी बदलला ते कळत नाही, आणि आवाज बदललेला कळला नाही तर समोरच्याचा हात जातो. झालं. समोरच्याचे हात शाबूत राहिले, याचे कान गेले. तसाही तो बोलणारा नव्हताच. कारखान्यात त्याला मुनी म्हणतात.

या मुनीशी लग्न करायला एक बडबडी मुलगी तयार झाली, याचं आम्हाला सगळ्यांना नवल वाटलं होतं. माझी भावजय बोलायला लागली की घड्याळ थांबायचं. पण तिने त्याला काय ओळखलं होतं! त्याला उठवायचं असेल तर ती हाक मारायची नाही, बाही ओढायची. त्यांची मुलगी झाली, तेव्हा रात्री बाळ रडलं की ही उठायची आणि याची पाळी असेल तर याची बाही ओढायची. तो लगेच उठायचा. मुलगी जन्माला आली ती गोल गरगरीत, म्हणून मीच तिचं नाव गोटी ठेवलं. आता पाच वर्षांची आहे, काटकुळी झाली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

भावजय गेली. आजारी पडली आणि गेली, एवढंच सांगते. त्या दिवसांबद्दल लिहायला बसले तर दुसरं काही लिहून होणार नाही.

त्यानंतर बापलेक दोघंच राहत होते, आणि एका रात्री गोटीला ताप चढला. तिला उलट्या झाल्या. ती शेजारच्या खोलीत होती. तिने हाका मारल्या, रडली, आणि शेवटी थकून तशीच झोपली. सकाळी भाऊ उठला तेव्हा पोर घाणीत पडलेली, अंग तव्यासारखं तापलेलं. दवाखाना, औषध, सगळं झालं, दोन दिवसांत ती खडखडीत बरीही झाली. तो नाही झाला. तिसऱ्या दिवशी तो माझ्या दारात उभा, एका हाताला गोटी, दुसऱ्या हातात तिच्या कपड्यांची पिशवी.

"ताई, हिला तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

मी तिला ठेवून घेतलं. माझं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं, त्याबद्दल इथे काही सांगायचं नाही. मी एकटी राहते, घरात शिवणयंत्र आहे, लोकांचे कपडे आखूड-लांब, घट्ट-सैल करून देते. गोटी आली आणि माझ्या घरात चिंध्यांच्या बाहुल्या, अर्धवट खाल्लेली बिस्किटं आणि प्रश्न यांचा सुळसुळाट झाला. रात्री ती माझ्या पोटाशी पाय खुपसून झोपायची. भाऊ रोज संध्याकाळी यायचा, तिच्याशेजारी बसून तिला जेवताना बघायचा, ती झोपायला आली की उठायचा. जिना उतरताना त्याची पावलं इतकी सावकाश पडायची की मला त्याचा रागच यायचा. राग म्हणजे काय, पोटात तुटायचं, पण माझ्याकडे सगळ्याचा रागच होतो.

असं वर्षभर चाललं. मग एकदा त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "ताई, मी हिला घेऊन कॅम्पिंगला जाईन म्हणतो. एक रात्र. आम्ही दोघंच."

मी हसले. मला वाटलं, मुनींनी इतक्या वर्षांनी विनोद केला. पण त्याचा चेहरा सरळ होता. त्याच्या जोडीदाराकडे, म्हणजे प्रेसच्या दुसऱ्या टोकाला उभा राहतो त्याच्याकडे, एक तंबू होता. जोडीदार एकदा पोरांना घेऊन गेला होता, तंबू पोरांच्या अंगावर कोसळला, आणि बायकोने पुन्हा गेलास तर तंबूतच संसार कर असं सांगितल्यामुळे तो तंबू पडून होता. गावाबाहेर तळ्याकाठी मैदान आहे, तिथे लोक जातात, नळ आहे, चौकीदार आहे. सगळी चौकशी करून आला होता.

"घरी झोपव की आधी," मी म्हटलं. "तळ्याकाठी कशाला कडमडायचं?"

"घरी नाही जमणार."

"का?"

"घरापासून तू दोन गल्ल्यांवर आहेस. ती तुलाच हाक मारेल, आणि मीही तिला उचलून तुझ्याकडेच आणेन. जिथे तू नाहीस तिथे जायला हवं."

इतकं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून फार दिवसांनी ऐकलं. पुढचं त्याने सांगितलं नाही, पण न कळायला मी काही दूधखुळी नाही. एक रात्र निभावली की तो पोरीला परत मागणार होता. दिवसपाळी मिळावी म्हणून त्याने साहेबांकडे शब्दही टाकला होता, हे मला जोडीदाराकडून नंतर कळलं. पुढच्या महिन्यापासून ती मिळणारही होती. म्हणजे सगळं त्या एका रात्रीवर अडलं होतं.

"आणि रात्री ती रडली तर?" मी विचारलं.

त्याने उठून कप विसळला. मला वाटलं, विषय मिटला. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

आठवडा गेला आणि तो दोरी घेऊन आला.

त्या दोरीबद्दल सांगायला हवं. त्यांच्या प्रेसच्या एका टोकाला पत्रा सरकवणारा असतो आणि दुसऱ्या टोकाला माझा भाऊ, मध्ये भिंतीएवढं धूड. एकमेकांना दिसत नाही, आणि त्या गदारोळात ऐकू येण्याचा तर प्रश्नच नाही. म्हणून दोघांच्या कमरेला एक दोरी असते. एक झटका म्हणजे थांब. दोन म्हणजे चालू दे. तीन म्हणजे इकडे ये. झोपेत असलो तरी त्या दोरीचा झटका मला कळेल, असं भाऊ म्हणाला, आणि ते खरं असणार. इतकी वर्षं तो कानांनी नाही, त्या दोरीनेच ऐकत आला आहे.

"तिच्या मनगटाला एक टोक, माझ्या मनगटाला एक," तो म्हणाला. "फक्त तिला काचता कामा नये. तू काहीतरी मऊ शिवून दे."

आता बघा काय वेळ आली. माझ्या घरातून पोर न्यायची, त्यासाठी पट्टा मीच शिवायचा. मी शिवला. जुन्या मऊ सुती चादरीचा, आत कापूस घातलेला, बाहेर बटण. भावाचा एक आणि गोटीचा एक. गोटीचा तीनदा उसवला, कारण शिवण तिच्या मनगटाला लागेल असं वाटत होतं. गिऱ्हाइकाचं काम मी इतकं निगुतीने कधी केलेलं नाही.

गोटीला ते प्रकरण भलतंच आवडलं. बाप स्वयंपाकघरात, ही बाल्कनीत, आणि मधून दोरी. एक झटका, दोन झटके, तीन झटके. दोन दिवसांत तिला कारखान्याची सगळी भाषा पाठ. तिसऱ्या दिवशी बाईसाहेब पलंगावर लोळत तीन झटके देऊन बापाला बोलवायच्या आणि म्हणायच्या, काही नाही, सहज. बाप चार वेळा धावला. पाचव्यांदा तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"गोटी, उगाच ओढायची नाही. आमच्याकडे उगाच ओढली की मशीन थांबतं आणि सगळे ओरडतात. काम असेल तरच ओढायची."

"काम म्हणजे काय?"

"शू लागली, तर ते काम. तहान लागली, पोट दुखलं, थंडी वाजली, किडा दिसला, ही सगळी कामं."

"आणि अंधार?"

भावाने विचार केला. तो कुठल्याही प्रश्नाचा खरोखर विचार करतो, हा त्याचा दोषच आहे. "अंधार काम नाही," तो म्हणाला. "अंधार असतोच. जे असतंच, त्यासाठी ओढून काय करणार?"

"बरं," गोटी म्हणाली, आणि तिने मान अशी हलवली जशी नव्याने कामावर लागलेली बाई मुकादमासमोर हलवते. त्यानंतर तिने एकदाही उगाच दोरी ओढली नाही. मी कौतुकाने बघत राहिले. दुसऱ्या कुणाच्या पोराला असं वळण लागलं असतं तर मी शंका घेतली असती.

मग तयारीला ऊत आला. भाऊ येताना रोज काहीतरी घेऊन यायचा. बॅटरी, तिच्यासाठी रबरी बूट, डास पळवायचं मलम, झाकणाचा डबा (डबे त्याच्याकडे काय कमी), छोटी चूल. बिस्किटं आणि उकडलेली अंडी यांवर एक रात्र निघते, असं त्याचं म्हणणं; मी म्हटलं, तुझी निघेल, तिला दूध लागतं. गोटीने आपली पिशवी स्वतः भरली. त्यात चिंध्यांच्या चार बाहुल्या, एक चमचा आणि माझी कात्री निघाली. कात्री कशाला, तर लागली तर.

मी भावाला अट घातली. जायच्या आधी एक तालीम करायची, माझ्या डोळ्यांसमोर. त्याच्याच घरात, तंबू उभारून, मशीन काढून, दोरी बांधून. त्याने लगेच कबूल केलं. त्याचा रात्रपाळीचा शेवटचा आठवडा चालू होता. सुट्टीच्या दिवशी तो सकाळी घरी येऊन दुपारभर मेल्यासारखा झोपतो. गोटीही दुपारी झोपते. म्हणजे तालीम खरी होणार होती.

त्या दुपारी मी वर्षभराने त्या घरात तास-दोन तास बसले असेन. मेज बाहेर ओढून पुढच्या खोलीत तंबू उभा केला होता. निळा, एका बाजूला जाळीचं दार. भिंतीला त्याच्या कडा टेकत होत्या. भावजयीचा फोटो त्या खोलीत होता, तंबूमुळे अर्धा झाकला गेला होता. मला स्वयंपाकघरात बसवून भाऊ म्हणाला, "ताई, घराला आग लागली तरच आत यायचं."

"आग लागली तर मी आधी तुला चटका देईन," मी म्हटलं. पण कबूल केलं.

त्याने कानातलं मशीन काढून खिडकीत ठेवलं. गोटीच्या मनगटाला पट्टा बांधला, आपल्या मनगटाला बांधला, बटणं लावली. थोड्या वेळात त्याचं घोरणं सुरू झालं. मी कामाला म्हणून आणलेली पँट मांडीवर घेऊन बसले होते, पण सुईत दोरा ओवला जात नव्हता.

मग आत काहीतरी हललं. घोरणं टपकन थांबलं. "काय गं?" भावाचा आवाज. "तहान," गोटी म्हणाली. अर्थात ते त्याला ऐकू आलं नाही. तिने हाताने दाखवलं असणार. तो उठला, माझ्यासमोरून गेला, भांडं भरलं, माझ्याकडे बघितलं. असा चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. परीक्षेत पहिला आलेला मुलगा धावत घरी यावा, तसा. तो आत गेला आणि परत घोरायला लागला.

मी तिथेच बसून होते. जमलं होतं त्याला. पोरीने ओढली, बाप उठला. आता मला काही बोलायला तोंड उरलं नव्हतं. मनातल्या मनात मी तिचे कपडे कपाटातून काढायलाही लागले होते.

आणि मग मला हुंदका ऐकू आला.

अगदी बारीक. उशीत तोंड घालून दाबलेला. आधी वाटलं, भास. मग दुसरा, तिसरा. घोरणं चालूच. मी वाट बघितली. आता ओढेल, आता उठेल. हुंदके वाढत गेले आणि घोरण्याचा सूर काही बदलेना. मी उठून दाराशी गेले. आग लागली नव्हती, पण मी गेले.

जाळीतून दिसत होतं. भाऊ कुशीवर, तोंड तिच्याकडे, झोपेत शांत. गोटी उताणी पडलेली. डोळ्यांतून पाणी वाहून दोन्ही कानांत जात होतं. ज्या मनगटाला पट्टा होता ते तिने दुसऱ्या हाताने घट्ट दाबून छातीशी धरलं होतं. रडताना अंग हलतं ना, त्याने चुकून दोरी ओढली जाऊ नये म्हणून.

खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. पोर माझीच राहणार. मग तो हात परत दिसला, आणि माझं काळीज फाटलं.

मी आत शिरले, बटण काढलं, तिला मांडीवर घेतलं. "काय झालं बाळा? पोट दुखतंय?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"मग? स्वप्न पडलं?"

"आई पाहिजे," ती माझ्या कानात म्हणाली. वर्षभरात माझ्या घरी तिने हे एकदाही म्हटलं नव्हतं. माझ्याकडे भावजयीचा फोटो नव्हता, तिचं भांडं नव्हतं, तिचा वास नव्हता. इथे सगळं होतं.

"मग बाबाला उठवायचं ना! ओढायची ना दोरी!"

"ते काम नाहीये," गोटी म्हणाली. "आई नाहीये, ते असतंच."

तिला मांडीवर घेऊन मी तशीच बसले. बाजूला माझा भाऊ झोपलेला, हातभर अंतरावर, आणि मध्ये ती दोरी. एकाने सांगितलं होतं, एकीने तंतोतंत पाळलं होतं, आणि कुणाचंही चुकलं नव्हतं. मला कुणावर ओरडावं तेच कळेना.

मी त्याची बाही ओढली. तो ताडकन उठला. आधी माझ्याकडे बघितलं, मग गोटीच्या तोंडाकडे, मग रिकाम्या पट्ट्याकडे. खिडकीतलं मशीन घेऊन त्याने कानात बसवलं. घाईत दोनदा हातातून पडलं.

"रडली?"

"हो."

"किती वेळ?"

"बराच."

"ओढली नाही?"

मी त्याला सांगितलं. गोटीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, काना-मात्रा न बदलता. तो ऐकत होता. मग तो तंबूच्या बाहेर गेला आणि एका कोपऱ्यातली काठी काढायला लागला. तंबूची एक बाजू आमच्या डोक्यावर आली.

"काय करतोस?"

"सोडतो. राहू दे ताई. तुझ्याकडेच राहू दे. मशीन असून नसून सारखंच, मला ऐकू येत नाही."

हे वाक्य मी वर्षापूर्वी दारात ऐकून घेतलं होतं. या वेळी नाही ऐकून घेतलं. मी त्या अर्ध्या पडलेल्या तंबूतून बाहेर आले, मांडीवरची पोर काखेला मारून, आणि त्याच्यावर अशी तुटून पडले की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"ऐकू येत नाही, ऐकू येत नाही! रडगाणं लावलंय नुसतं! कानाचा काय संबंध इथे? पोरीला तू काय शिकवलंस? तहान लागली तर सांग, किडा चावला तर सांग, आणि आई मेली तर गप्प पड? तुला येत नाही तिची आठवण?"

"येते."

"मग काय करतोस तेव्हा?"

तो काठी हातात धरून उभा. "काही नाही," तो म्हणाला. "पडून राहतो."

"मग तिने तेच केलं!" मी म्हटलं, आणि माझाच आवाज फुटला. "तुझीच मुलगी आहे ती."

कुत्रं भुंकत होतं. भाऊ खाली बसला. तो रडतो तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. आई गेली तेव्हा एकदा पाहिलं होतं, बायको गेली तेव्हाही नव्हतं पाहिलं. गोटी माझ्या काखेतून घसरून खाली उतरली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं.

"बाबा, तू पण रडतोस?"

त्याने मान हलवली.

"रोज?"

"रोज नाही."

"मग तू का नाही ओढत?"

"तू झोपलेली असतेस ना, पिल्लू."

"मी उठेन की," गोटी म्हणाली. तिला त्याचा जरा रागच आला होता. माझ्यावर गेली आहे त्या बाबतीत.

त्या दुपारी त्यांनी नवीन खूण ठरवली. झटका नाही. झटके सगळे कामाचे. ही नुसती ओढायची आणि ओढून धरायची, दुसऱ्याने धरेपर्यंत सोडायची नाही. कारखान्यात अशी खूण नाही, असं भावाने तिला सांगितलं, ही फक्त आपल्या दोघांची. तंबू पुन्हा उभा केला. ती दोघं पुन्हा आत शिरली आणि मी पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन बसले. या वेळी मी उठून बघायला गेले नाही. आतून काहीच ऐकू येत नव्हतं, ना घोरणं, ना हुंदका. मी ती पँट शिवून पुरी केली.

पुढच्या शनिवारी दोघं गेली. पाठीवर तंबू, हातात चूल, गोटीच्या पायात रबरी बूट आणि पिशवीत माझी कात्री. ती मी काढून घेतली नाही. बसच्या खिडकीतून ती हात हलवत होती आणि भाऊ तिला मागून धरून बसला होता, बस सुटायच्या आधीच. "दूध उकळून दे!" मी ओरडले. त्याने मान हलवली. ऐकू आलं की नाही, देव जाणे.

ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. रविवारी दुपारी आली. दोघांच्या अंगाला धुराचा वास, गोटीच्या केसांत गवत, भावाच्या नाकावर उन्हाने लाल डाग. गोटीच्या तोंडाचा पट्टा सुरूच. तळ्यात बदकं होती, एक बदक लंगडं होतं, अंडं मातीत पडलं ते धुऊन खाल्लं, चौकीदाराने दोघांना बघून विचारलं, हिची आई कुठे, तर बाबाने सांगितलं, वारली, मग चौकीदाराने लाकडं दिली. मी तिचे केस विंचरत होते. शेवटी विचारलंच.

"रात्री रडलीस?"

"थोडीशी. ओढून धरली. बाबा उठला."

"मग?"

"मग झोपले." तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. बाप दारात उभा होता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "आत्या, पण बाबाने माझ्यापेक्षा जास्त ओढली. मी प्रत्येक वेळी उठले. त्याला एकट्याला झोपता येत नाही गं. मला आता तिकडेच राहावं लागेल."

मी विंचरत राहिले. गवताची काडी निघत नव्हती.

"हो," मी म्हटलं. "राहावंच लागेल."

"तू हो म्हणालीस?" भावाने दारातून विचारलं.

"म्हणाले ना."

मग मी तिचे कपडे काढले, घड्या घातल्या, पिशवीत भरले. बाहुल्या मोजून दिल्या, नाहीतर रात्री एकीसाठी रडारड व्हायची. भाऊ दारातच उभा होता. "ताई, तू म्हणशील तर आणखी थोडे दिवस..." त्याने सुरुवात केली.

"जा आता," मी म्हटलं. "तिची जेवायची वेळ होतेय. आणि रात्री दूध देताना साय काढ, तिला साय चालत नाही."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणे."

ती दोघं जिना उतरली. या वेळी त्याची पावलं भराभर पडत होती, आणि तिची त्यांच्या मागे धावत होती. दार लावून मी यंत्रापाशी बसले. एक कोट सैल करायचा होता. पाय पेडलवर ठेवला आणि रडायला लागले. मला मुकाट्याने रडता येत नाही, मी भोकाड पसरते. शेजारीण धावत आली, दार वाजवत राहिली, तेव्हा उठावं लागलं.

"अहो, काय झालं? पोरगी कुठंय?"

"घरी गेली," मी म्हटलं.